महाराज वाजवायचे कसे?

"तुकडोजी महाराज संत होते, समाजसुधारक होते, कवी होते, सगळं कबूल. पण मोठे वादक म्हणून त्यांचं नाव घ्यायचं म्हणजे जरा अतिच होतं, मामा."

हे वाक्य माझ्या बायकोनं पारशिवनीत बसून उच्चारलं. असं बोलायला विदर्भात याहून अडचणीची जागा शोधायची तर थेट महाराजांच्या मोझरीच्या आश्रमातच जावं लागेल. समोर तिचे सख्खे मामा. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात त्यांची उमर गेली. एका खुंटीवर भगवी टोपी, शेजारच्या खुंटीवर खंजेरी. मी जावई, म्हणजे मान भरपूर आणि मत मात्र कोणी विचारत नाही, अशा सोयीच्या जागी बसलेला.

बायको नागपुरात तबला शिकवते. तालुक्यातल्या एका खंजेरी भजन स्पर्धेला तिला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. बक्षिसं वाटून झाली, मंडळं आपापल्या गाड्यांनी कन्हानकडे, नवेगाव खैरीकडे, आमडी फाट्याकडे पांगली आणि वाद मामाजींच्या छपरीत येऊन बसला. ठिणगी पडली ती एका महिला मंडळाच्या गुणांवरून.

"त्या बायायले तालात दहापैकी चार काहून देल्ले?"

"मामा, भजन सुरू झालं तेव्हाची लय आणि संपलं तेव्हाची लय, जवळजवळ दुपटीचा फरक होता. लय वाढवणं वेगळं आणि हातातून सुटणं वेगळं. ती सुटली होती."

"सुटली म्हणते! दहा बाया होत्या. दहाही जणी एकासंगं सुटल्या? एक मागं राहिली नाही, एक पुढं पळाली नाही. पेटीवाली घसरली नाही. मंग सुटलं तरी काय?"

ती जरा थांबली. तबल्याच्या वर्गात असा प्रश्न येत नाही. तिथं लय सांभाळायची जबाबदारी एकाची असते आणि ती चुकली की कोणाची चुकली हे सगळ्यांना कळतं. मग ती मूळ मुद्द्यावर आली.

"सगळी मंडळं महाराजांची नक्कल करतात. महाराजांना ताल कोणी बसून शिकवला नव्हता. लय चढत जाते, ऐकणारे डोलायला लागतात, हिशेब कोणी मागत नाही. महाराजांचं भजन आहे म्हटल्यावर बेताल म्हणायची छाती कोणाची?"

"म्हण ना बेताल. पण अगोदर ऐक तं. तू महाराजायचा फोटो ऐकून राहिली."

मामाजींचं हे बोलणं मला फार नेमकं वाटलं. महाराजांविषयी आपल्याला पुष्कळ माहीत असतं आणि त्यांच्या वाजवण्याविषयी जवळजवळ काहीच नसतं. माणिक बंडोजी इंगळे, जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. तरुणपणी रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोड्याच्या रानात वास्तव्य. त्यातलं रामटेक पारशिवनीच्या शेजारचं, म्हणून इथले लोक महाराजांवर अंमळ जास्तच हक्क सांगतात. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सेवाग्रामला मुक्काम. ऑगस्ट १९४२ मध्ये अटक, नागपूर आणि रायपूरचा तुरुंग, डिसेंबरात सुटका. १९५५ मध्ये जपान. ग्रामगीता. २००५ पासून नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव. खंजेरी या माणसाच्या हातातून क्वचितच सुटली असेल; पण चरित्र सांगणारा प्रत्येक जण ती पहिल्याच पानावर खाली ठेवतो आणि पुढं जातो. चिमूरचे लोक बेचाळीसमध्ये त्यांच्या भजनांनी पेटले असं लिहितात. कोणत्या ठेक्यानं पेटले, हे कोणी लिहीत नाही.

"तुम्ही ऐकलंत का त्यांना, समोर बसून?" तिनं विचारलं.

"नाही. महाराज अडुसष्टमधी गेले. बापानं ऐकलं होतं. मी ऐकलं ते रेडिओवर अन् टेपवर. अन् बापाच्या हातात."

मामाजींनी खंजेरी खुंटीवरून काढली. लाकडाचं कडं, कड्याला खाचा, खाचांत पितळेच्या चकत्या, एका अंगाला ताणून बसवलेलं चामडं. हे चामडं बकरीचं. पूर्वी घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. वडिलांची जुनी खंजेरी कुठं आहे हे मामाजी सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

त्यांनी आधी गमछा कड्याभोवती घट्ट गुंडाळला. चकत्या मुक्या झाल्या. मग नुसत्या चामड्यावर आठ मात्रांचा कहरवा वाजवला. सरळ, साधा, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येईल असा.

"हेच तर म्हणते मी," ती म्हणाली.

त्यांनी गमछा सोडला आणि उजव्या हातानं तोच ठेका धरला, बोटंही तीच. बदल डाव्या हातात होता. खंजेरी धरलेलं मनगट दोन ठोक्यांच्या मधल्या जागी अगदी थोडं झटकत होतं आणि चकत्या तिथं बोलत होत्या. ठेका एकदम भरला, जणू शेजारी आणखी कोणी बसलं. मग त्यांनी भजनाची ओळ धरली. ओळीच्या शेवटी उजवा हात उचलला तो उचललाच. चामडं गप्प, नुसत्या चकत्यांची सळसळ चाललेली. त्या रिकाम्या जागेत स्वयंपाकघरातून मामींनी ओळ उचलली. पोळी लाटता लाटता, कोणी न सांगता, बरोबर जागेवर. मामाजींची थाप पुन्हा पडली ती त्यांच्या शेवटच्या अक्षरावर.

"आता सांग. हिले कोणी शिकवलं?"

बायको लगेच काही बोलली नाही. तिनं खंजेरी मागून घेतली. उजव्या हाताची बोटं तिची कितीतरी सफाईदार, मामाजींपेक्षा निःसंशय. पण डावं मनगट ऐकेना. चकत्या थापेवरच वाजू लागल्या आणि ठेका दुप्पट जाड झाला, भरला मात्र नाही.

"हे स्वतंत्र अंग आहे," ती पुटपुटली. तिच्या तोंडून ही मोठी पदवी आहे.

मला त्या वेळी मेबेल कार्टर आठवली आणि मी बोलून गेलो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलखातली ही बाई महाराजांच्याच वर्षी, १९०९ मध्ये, त्यांच्यामागून थोड्या दिवसांनी जन्मली. १९२७ च्या ऑगस्टात एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस यंत्रं घेऊन ब्रिस्टल गावी आला, तेव्हा भासरे आणि जाऊ यांच्याबरोबर तीही गिटार घेऊन तिथं गेली. तोवर गावाकडच्या गाण्यात गिटारचं काम बहुधा मागं राहून ठेका देण्याचं. मेबेल अंगठ्यानं जाड तारांवर गाण्याची चाल वाजवायची आणि त्याच हाताच्या बोटानं बारीक तारांवर ठेका धरायची. गाणंही तेच हात सांगतो, साथही तोच करतो. अवघड म्हणाल तर फार अवघड नाही. पण पुढं जो जो खेड्यातला पोरगा गिटार घेऊन बसला त्यानं आधी हे गिरवलं. चेट अ‍ॅटकिन्ससारखा गिटारचा बादशहा तिच्या नि तिच्या मुलींच्या साथीला वाजवत होता. पुढं पडत्या काळात ती नॅशव्हिलमध्ये रुग्णांची शुश्रूषा करून चार पैसे मिळवत होती. आणि १९७२ मध्ये तरुण पोरांच्या एका बँडनं जुन्या वादकांना घेऊन मोठा अल्बम काढला, त्यात अर्ल स्क्रग्ज आणि डॉक वॉटसन यांच्या पंगतीत तिला मानानं बसवलं. तिच्यापेक्षा जलद बोटं चालवणारे त्या पंगतीतच होते. तिचं थोरपण कोणी वेगावर मोजलं नाही.

"म्हणजे मेबेलबाईंना वादक शिष्य मिळाले आणि महाराजांना भक्त मिळाले," बायको म्हणाली. "तू माझाच मुद्दा सांगतो आहेस."

"जवाईबापू, तुम्ही चहा घ्या," मामाजी म्हणाले.

मी चहा घेतला. ती आता तयारीनं बोलू लागली.

"हेच वाद्य दक्षिणेत बघा. पुदुक्कोट्टईच्या मामुंडिया पिळ्ळैंनी ही भजनातली कंजिरा उचलली आणि मृदंगाच्या शेजारी कर्नाटक संगीताच्या मैफलीत नेऊन बसवली. त्यांच्या परंपरेतले हिशेब लोक अजून शिकतात. जी. हरिशंकर वाजवायचे तेव्हा एवढ्याशा कड्यातून घटाचा, मृदंगाचा, सगळ्यांचा जबाब निघायचा. चामड्याला पाणी लावून, धरलेल्या हातानं दाबून खर्जाचा असा घुमार काढतात की वाद्य केवढं आहे ते विसरायला होतं. आपल्याकडे त्याच वाद्याचं काय झालं? एक ठेका आणि शंभर वर्षं तोच. फार तर सात खंजेऱ्या मांडून करामत."

"करामत म्हणू नको. सत्यपाल महाराज अकोटकडले. सात खंजेऱ्या, साताचे सात आवाज. हे सुचलं कोणाले? ज्याच्या कानात अगोदर एक खंजेरी होती त्यालेच. अन् रीत पाय त्यायची. हात वाजवते, तोंड गाते, मधातच थांबून दारूवर बोलते, हुंड्यावर बोलते, पुन्हा ओळ धरते अन् ठेका जिथं सोडला तिथंच सापडते. ही रीत महाराजायची. गाणारा वेगळा, वाजवणारा वेगळा, बोलणारा वेगळा, असं तुमच्या मैफलीत. इथं तिन्ही कामं एक माणूस करते. तुमच्या हरिशंकरायले कोणी गाता गाता वाजवाले लावलं होतं काय?"

"पण तिथं वादनाचा विचार झाला, मामा. इथं नुसतं वादन होत राहिलं. चालीसुद्धा उसन्या. पुस्तकात भजनाच्या डोक्यावर तर्ज छापलेली असते, अमुक गाण्याची चाल म्हणून."

इथं मात्र मला राहवलं नाही. माझ्या बायकोला 'मानापमान'ची पदं अतिशय प्रिय आहेत. १९११ सालच्या त्या नाटकासाठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब ढंगाच्या ठुमऱ्या-दादऱ्यांच्या चाली घेतल्या. त्याला आपण टेंब्यांची प्रतिभा म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. मग यावलीच्या माणसानं लोकांच्या ओठावरची चाल घेऊन तिच्यात स्वतःचे शब्द बसवले तर ती उसनी कशी? त्यात मध्य प्रांताच्या या टापूत मराठी आणि हिंदी एकाच छपरीत नांदत आलेल्या. महाराज दोन्हींत लिहीत. डोक्यावरची तर्ज म्हणजे वाचता येणाऱ्या पण सरगम न येणाऱ्या माणसासाठी छापलेली स्वरलिपीच. पुस्तक विकत घ्या, पेटीवाल्याला ती ओळ दाखवा, संध्याकाळी भजन उभं.

मामाजींना हा आधार अनपेक्षित होता. त्यांनी लगेच तो ओढून ताणला.

"अन् दुसरी गोष्ट. महाराजायच्या अगोदर चामड्याचं वाद्य कोणी वाजवाचं हे गावात जातीनं ठरलं होतं. डफडं ज्याचं त्याच्याकडं. बाकीच्यायनं हात लावला तं घरी येऊन आंघोळ. महाराजायनं..."

"मृदंग चामड्याचाच असतो, मामा. वारकऱ्यांत तो सगळ्या जातींचे लोक वाजवतात. तुमचे आजोबाही वाजवायचे, आईनं सांगितलंय मला."

"हाव, ते खरं," मामाजी म्हणाले. वादात असं सरळ कबूल करणारा माणूस विरळा. "पण मृदंग गावात एक. त्याले पैसा लागे, शिकाले बुवा लागे, अन् बुवाची मर्जी लागे. खंजेरी पिशवीत मावते. अन् मले सांग, माह्या लहानपणी मृदंग कोण्या बाईच्या मांडीवर पाहिला कोणी? आज पाहिलं ना तू. दहा बाया, चार खंजेऱ्या."

यावर ती गप्प झाली. तबला शिकायला लागली तेव्हा मुलीच्या जातीला हे कशाला, असं तिला पुष्कळदा ऐकावं लागलं होतं. कोणाकडून ते इथं सांगायचं कारण नाही. विदर्भात मात्र महिला भजन मंडळात खंजेरी बाईच्या हातात असते आणि त्याचं कोणाला नवल वाटत नाही. तबल्याच्या बाबतीत हे अजून म्हणता येत नाही.

पण गप्प झाली म्हणून हरली असं नव्हे.

"ठीक आहे. वाद्य लोकांच्या हाती दिलं, हे त्यांचं मोठं काम. ते समाजाचं काम झालं. मी संगीताचं विचारते आहे. साथीला बसणाऱ्या माणसाला त्यांनी काय दिलं? पेटीवाल्याला, ढोलकवाल्याला, मागं गाणाऱ्याला?"

मामाजी आधी मोझरीवर गेले. आश्विनातल्या पुण्यतिथीला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखोंची गर्दी एका ठोक्याला स्तब्ध होते, याहून मोठा ताल कोणता, म्हणाले. "ती शिस्त आहे, ताल नाही," असं म्हणून तिनं ते खोडून काढलं आणि मला तिचं पटलं. भक्तीच्या पुराव्यानं वादन सिद्ध होत नाही. मग ते हातातल्या पुराव्यावर आले आणि तिथं ते खरे मुरलेले.

"ढोलकवाल्याचं पाय. खंजेरी नसली तं तो मधल्या जागा भरत बसते, टकाटक टकाटक. खंजेरी आली की त्याले कमी वाजवा लागते. आमचा ढोलकवाला दोन वर्षं भांडला माह्यासंगं. मंग शिकला. जागा सोडाले शिकला. पेटीवाला ओळीच्या शेवटी सूर लांबवत होता, तो तोडाले शिकला, काहून की तिथं मागचे येणार. मागच्यायचं तं सांगूच नको. त्यायले वही लागत नाही. हात वर गेला की ओळ त्यायची. हे मले बापानं सांगितलं नाही, अन् बापाले महाराजायनं सांगितलं नाही. पाहून पाहून झालं. गावोगावी असंच झालं."

मला वाटतं, सगळ्या वादातलं सोनं ते इथं होतं. महाराजांचा साथीदारांवरचा परिणाम शोधायचा तर खंजेरीवाल्यांत शोधून भागत नाही. शेजारच्या ढोलकवाल्यानं काय सोडून दिलं, पेटीवाल्यानं कुठं सूर तोडला, हे पाहावं लागतं. हे टेपवर ऐकू येतं, पण कशासाठी ऐकायचं हे ठाऊक असेल तर. पुतळे, टपाल तिकीट, विद्यापीठाची पाटी यांतून ते कळायचं नाही. राष्ट्रसंत या बिरुदाखाली वादक दबला, आणि तो दाबणाऱ्यांत त्यांच्यावर जीव टाकणारेच जास्त आहेत. कोणी विचारलंच नाही की महाराज वाजवायचे कसे. विचारणं म्हणजे उणं काढणं, असा समज.

तरीही मामाजींचा सगळा दावा मी मान्य करणार नाही. लय चढणं हेच भजन, हे त्यांचं म्हणणं फार सैल आहे. मी अशी मंडळं ऐकली आहेत की जिथं वेग हाच मोठेपणा समजून शब्द चिरडले जातात आणि झांजेच्या गोंगाटात खंजेरीच्या चकत्या ऐकूही येत नाहीत. स्पर्धांनी ही खोड वाढवली आहे. टेपमधले महाराज एवढी घाई करत नाहीत. ते चढवतात, पण शब्द कळेल इतपतच. नक्कल करणाऱ्यांनी चढ उचलला, इतपत उचललं नाही. बायकोची तक्रार खरं तर या नकलेबद्दल होती आणि ती तिनं मूळ माणसावर टाकली, एवढंच.

मी हे म्हणालो तेव्हा दोघंही माझ्यावर उलटली. मामाजींच्या मते मी महिला मंडळाला घाईखोर म्हणालो. बायकोच्या मते मी तिला टेप न ऐकता बोलणारी ठरवलं. दुसरा आरोप बरोबर होता.

जेवणं झाल्यावर तिनं पर्समधून वही काढली.

"मामा, ते मनगटाचं परत दाखवा. मी बोल लिहून घेते. चकत्यांना वेगळी खूण करू, थापेला वेगळी. तालुक्यात तुमच्या वयाचे अजून किती जण आहेत वाजवणारे?"

मामाजींनी बोटांवर मोजत गावं सांगितली. नदीकाठची दोन, रामटेककडची एक, कन्हानला एक, तो आता मुलाकडे राहतो आणि बाहेर पडत नाही. गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं, न विचारता.

"दिवाळीच्या सुटीत सगळ्यांचं रेकॉर्डिंग करू. पण नुसतं भजन नको. आधी प्रत्येकानं अगदी संथ लयीत ठेका वाजवायचा, मग मध्य, मग जलद. म्हणजे मला हात कळेल."

"संथ कसा वाजवाचा? संथ वाजवला तं मनगट वेगळं चालते. तो ठेकाच राहत नाही तो."

"मग मी लिहू कसा?"

"तेच तं सांगून राहिलो तुले. लिहाचं असन तं भजनात बस. पहिल्या ओळीपासून. मधात हात थांबवाले सांगाचं नाही."

"मधे थांबवलं नाही तर मोजणार कशी?"

"माह्याकडून नोको मोजू. मामीकडून मोज. ते लाटण्यावर ठेका धरते."

मामींनी आतून विचारलं, किती जणांचं जेवण करायचं दिवाळीत, ते आधी सांगा.